विक्रोळीतला तो स्क्रू

पाइप गॅसच्या इमर्जन्सी गाडीवर काम करतो. 'वास येतोय' म्हणून जे कॉल येतात त्यातले कित्येक गटाराचे निघतात, नहाणीच्या जाळीखालचं पाणी सुकलेलं असतं, नाहीतर ट्रॉलीमागे उंदीर मेलेला. २०१९ च्या सप्टेंबरात तर चेंबूर, घाटकोपर, पवई करत उपनगरातल्या लोकांना एका रात्रीत वास आला होता, लाइनी तपासल्या, लीक कुठेच नाही. त्यामुळे आमचे कंट्रोल रूमवाले वासाचा कॉल थोडा आळसातच देतात, एसीत बसून त्यांना सगळे वास सारखेच.

हा कॉल नवरात्रातला. विक्रोळी, कन्नमवार नगर, रिडेव्हलपमेंटची बिल्डिंग. तक्रार वरच्या मजल्यावरच्या काकांची, किचनच्या खिडकीतून वास येतोय म्हणून. त्यांच्याकडे सगळं तपासलं, गॅस मोजायचं मशीन शून्यावर. पण नाकाला येत होता. गॅसला स्वतःचा वास नसतो, तो घातलेला असतो आणि अशा बेताने घातलेला असतो की पेटण्याइतका गॅस साठायच्या खूप आधी माणसाला कळावं. त्यामुळे मशीन शून्य दाखवतंय म्हणून नाक खोटं ठरत नाही. आणि पाइपातला गॅस म्हणजे मिथेन, हवेपेक्षा हलका, वर चढतो. वास इथे, तर लीक खाली. एक मजला उतरलो.

काका माझ्या आधी धावत जाऊन खालच्यांच्या बेलवर बोट ठेवणार होते, ओरडलोच त्यांच्यावर. बेल वाजवायची नसते, दार ठोकायचं. बेलमध्ये ठिणगी, स्विचमध्ये ठिणगी, म्हणजे चालू असलेला बल्बही बंद करायचा नाही, आहे तसा राहू द्यायचा. आणि फ्रिज? तो तर कोणाला न विचारता आपला आपण सुरू होतो. म्हणून जोडीदाराला तळमजल्याच्या मीटर रूममध्ये पिटाळलं, त्या फ्लॅटचा मेन तिथूनच पाडायला.

दार ताईंनी उघडलं. भाडेकरू. नवरा कामावर, घरात ताई आणि सासूबाई. ताई डबे करून देतात, नवरात्र म्हणून उपवासाचे, परातभर साबुदाणा भिजलेला. "आम्हाला तर काहीच वास नाही हो." खरंच नसणार, सतत एकाच वासात राहिलं की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं, त्यात सकाळ-संध्याकाळ धूप. मी आधी मीटरचा व्हॉल्व्ह फिरवला आणि वळलो तर ओट्याच्या बाजूला जमिनीवर घट बसवलेले आणि समोर अखंड दिवा.

"आजी, हा मालवावा लागेल." आजी गप्प. ताई सासूकडे बघतायत, सासू देवीकडे. दिवा उचलून बाहेर न्या असंही सांगता येत नाही, ज्योत हातात घेऊन गॅसमधून चालायचं का? मी म्हटलं, दोष मला लागू दे. "तुला कशाला?" म्हणून आजींनीच झेंडूचं फूल घेतलं आणि वात दाबली. माझ्या कामात शिकल्या-सवरल्या साहेबलोकांनी यापेक्षा किती जास्त वेळ वाद घातलाय ते लिहायला लागलो तर दुसरा लेख होईल.

खिडक्या उघडल्या आणि वरच्या कपाटाच्या आणि भिंतीच्या फटीत मशीनची नळी घातली. २० टक्के. म्हणजे हवेत २० टक्के गॅस नाही, मिथेन हवेत ५ टक्क्यांपासून पेटू शकतो त्याचा पाचवा भाग. खाली घटांपाशी मात्र शून्य. गॅस छताकडे, दिवा जमिनीवर, एवढ्यावर त्या दोघी वाचल्या होत्या. टाकीचा गॅस असता तर उलट, तो हवेपेक्षा दीड-दोन पट जड, सरळ दिव्यापाशीच येऊन बसला असता.

वास गेल्यावर प्रेशर टेस्ट. हे काम मला आवडतं, खोटं का सांगू. यू आकाराच्या नळीत पाणी असतं, ती शेगडीच्या अलीकडच्या व्हॉल्व्हला जोडायची. घरातलं प्रेशर २१ मिलिबार, म्हणजे पाण्याच्या दोन बाजूंत साधारण २१ सेंटिमीटरचा फरक पडतो. मग मीटरकडून गॅस बंद करायचा आणि नुसतं बघत बसायचं. लाइन घट्ट असेल तर पाणी हलत नाही. इथे उतरत होतं. हळू, पण डोळ्याला दिसेल असं. शेगडीला जाणारी नारंगी सुरक्षा ट्यूब मुदतीतली होती, साबणाचं पाणी एकूण एक जोडावर मारलं, बुडबुडा नाही. म्हणजे लीक जोडात नाही, तांब्याच्या पाइपातच, आणि तो पाइप कुठे तर मॉड्युलर किचनच्या पॅनलमागे. या इंटिरियरवाल्यांना पाइप दिसला की घराची अब्रू गेल्यासारखं वाटतं. आम्ही भिंतीवरून उघडा नेतो तो शोभेसाठी नेत नाही रे बाबांनो.

पॅनल कापायचं तर मालकाची परवानगी हवी. मालक पुण्यात. व्हिडिओ कॉलवर पहिलं वाक्य, "भाडेकरूंनीच काहीतरी केलं असणार." दुसरं, "दीड लाखाचं किचन आहे, हात लावायचा नाही, मी माझा माणूस पाठवतो." कधी, ते नाही सांगितलं. कनेक्शन त्यांच्या नावावर, बिल ताई भरतात, भिंत त्यांची, नाक ताईंचं. मी मीटरच्या पुढे प्लग मारला, सील केलं, टॅग लावला. नियमाने दुसरं काही करता येत नव्हतं आणि मला करायचंही नव्हतं.

"मग डबे?" ताईंनी विचारलं. मी म्हटलं, इंडक्शन वापरा. असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो.

मालकाचा माणूस आल्यावर पुन्हा गेलो. किचनमध्ये शिरलो तर घटांच्या बाजूला जमिनीवर छोटी टाकी, वर डायरेक्ट बर्नर, भरून कुठून आणली ते विचारू नका असा ताईंचा चेहरा, आणि पलीकडे अखंड दिवा परत लावलेला. म्हणजे माझा वर जाणारा गॅस मी बंद केला आणि त्याच दिव्यापाशी जमिनीलगत साठणारा गॅस आला. तो गॅस आमच्या कंपनीचा नाही, माझ्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. टाकी गॅलरीत ठेवायला लावली, स्वतः उचलून ठेवली, वास आला तर टाकीच्या गॅसची हेल्पलाइन १९०६ लावा म्हणून नंबर भिंतीवर लिहून दिला. पण मधल्या दिवसांत ती तिथेच होती, आणि मी रात्री घरी जेवत होतो तेव्हाही तिथेच होती.

पॅनल काढलं. वरच्या कपाटाच्या ब्रॅकेटचा स्क्रू पाइपात बरोबर मधोमध घुसलेला. सुताराने ड्रिल मारताना पाइप लागला असणार, त्याला कळलंही नसेल, कारण स्क्रूनेच भोक बुजवलं. आजूबाजूला तांब्यावर हिरवा गंज धरलेला, हा काही महिन्यांचा नव्हे. ताई या घरात याच वर्षी आल्या. मग इतकी वर्षं लीक का नाही? कपाट उघडलं तर आत पितळेचे टोप, परात, डब्यांचा सगळा जाडजूड संसार. वजनाने ब्रॅकेट हललं, स्क्रू सैल झाला.

मालकाला हे कळल्यावर तो लगेच, "बघा, मी म्हणत होतो ना!" आता किचनच्या कपाटात टोप नाही ठेवायचे तर काय ठेवायचं, मला सांगा. पण वजनाने स्क्रू हलला हेही खरं, ते मी नाकारू शकत नाही. रिपोर्टमध्ये कारणासाठी छापील पर्याय असतात, मी 'ग्राहकाकडून नुकसान' यावर टिक केली, कारण ग्राहक म्हणजे ज्याच्या नावावर कनेक्शन तो, आणि खाली हाताने लिहिलं: स्क्रू जुना, गंज जुना. सुपरवायझर म्हणाला, "तू गॅसवाला आहेस की वकील?" पाइप बदलला, पुन्हा प्रेशर घेतलं, पाणी हललं नाही, गॅस सुरू.

परवा ताईंचा मेसेज आला. मालकाने अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट वाढवायला नकार दिलाय आणि पाइप आणि पॅनलचा खर्च डिपॉझिटमधून कापतोय. "दादा, तो गंजाचा फोटो मिळेल का?" रिपोर्ट नोंदणीकृत ग्राहकालाच द्यायचा असा नियम आहे, म्हणजे मालकालाच. फोटो मात्र मी माझ्या फोनवर काढलाय, कंपनीच्या नाही. जोडीदार म्हणतो पाठवून टाक, सुपरवायझरला मी विचारलेलंच नाही. मेसेज वाचलाय, निळ्या टिका त्यांना दिसतायत.