तुम्ही विचारलंत म्हणून: हायकोर्टाच्या न्यायमूर्तिपदाची परीक्षा

मुलीला कायद्याच्या अभ्यासक्रमाला घातलेले पालक मला हमखास विचारतात, की तिला हायकोर्टात न्यायाधीश व्हायचे असेल तर कोणती परीक्षा द्यावी लागते? मी मुंबई उच्च न्यायालयात वकिली करते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. अशी परीक्षा नाही, हे ऐकून बहुतेकांचा चेहरा उतरतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 217 नुसार उच्च न्यायालयातील 10 वर्षांची वकिली किंवा 10 वर्षांचे न्यायिक पद एवढीच मूळ पात्रता आहे. नाव सुचवतात ते मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांचे दोन ज्येष्ठ सहकारी, म्हणजे हायकोर्टाचे कॉलेजियम. मग सरकार आणि सर्वोच्च न्यायालयाचे कॉलेजियम यांच्या छाननीतून गेल्यावर राष्ट्रपती नेमणूक करतात.

परीक्षा असते ती कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशपदासाठी, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या निकालानंतर तिच्यासाठीही 3 वर्षांची वकिली लागते. तेथून बढत्या घेत हायकोर्टापर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रिया आहेत. मात्र तोवर पन्नाशी उलटलेली असते, निवृत्ती 62 व्या वर्षी येते, आणि मुख्य न्यायमूर्तिपदापर्यंत नेणारी ज्येष्ठता साठायला सहसा वेळच उरत नाही.

बारमधून, म्हणजे वकिली करत थेट न्यायमूर्तिपदाकडे जाणारी वाट अधिक लांबवर नेते, पण मुली गळतात त्याही याच वाटेवर. नाव विचारात घेतले जाते ते साधारण पंचेचाळिशीच्या सुमारास, आणि त्याआधी सीनियरच्या चेंबरमध्ये तुटपुंज्या मिळकतीवर काढलेली वर्षे, स्वतःच्या नावाने दाखल केलेले वकालतनामे, न्यायमूर्तींसमोर उभे राहून केलेले युक्तिवाद, हे सारे त्या नावामागे असावे लागते. तिशी ते चाळिशी हाच बाळंतपणाचा आणि लहान मुलांचा काळ. तेवढ्यात दोन-तीन वर्षे कोर्ट सुटले, की ब्रीफ, म्हणजे हातातले खटल्याचे काम, दुसऱ्याकडे जाते आणि सहसा परत येत नाही. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण माझ्याहून हुशार मैत्रिणी मी याच वर्षांत कोर्टातून जाताना पाहिल्या आहेत.

1862 साली स्थापन झालेल्या मुंबई उच्च न्यायालयात पहिल्या स्त्री न्यायमूर्ती, सुजाता मनोहर, 1978 साली आल्या. 1994 मध्ये त्या येथील पहिल्या स्त्री मुख्य न्यायमूर्ती झाल्या आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध 1997 चा विशाखा निकाल देणाऱ्या खंडपीठावर त्या होत्या. रंजना देसाई यांनी 1973 मध्ये वकिली सुरू केली, पुढे सरकारी वकील म्हणून काम केले आणि 1996 मध्ये त्या न्यायमूर्ती झाल्या. कसाबची फाशी कायम करणाऱ्या 2011 च्या हायकोर्टाच्या खंडपीठाचे नेतृत्व त्यांनीच केले. 1973 ते 1996 या 23 वर्षांकडे मी पालकांचे मुद्दाम लक्ष वेधते.

त्यामुळे परीक्षेच्या क्लासची फी विचारण्याआधी, नातवंडे लहान असताना मुलगी रोज वेळेवर कोर्टात हजर राहू शकेल अशी घरची व्यवस्था कोण करणार, हे ठरवावे असे मी त्यांना सांगते. आणि मुलीला सांगते, की संधी मिळाली तर सहायक सरकारी वकिलाचे काम अवश्य घे. त्यात रोज बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीत, प्रकरणे असतात, रोज उभे राहावे लागते, आणि न्यायमूर्ती तुला तुझ्या युक्तिवादावरून ओळखू लागतात.