बिझनेस स्कूल, केस आणि आपण न निवडलेला ग्रुप

एमबीएला नवीन ॲडमिशन झालेल्यांचे मेसेज यायला लागले की पहिला प्रश्न हमखास प्लेसमेंटचा असतो, दुसरा पॅकेजचा, आणि मग कधीतरी शेवटी, "बाकी लाइफ कसं असतं गं?" मला तो शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण प्लेसमेंट काही आठवड्यांत उरकते, बाकीची दोन वर्षं काढायची असतात ती या 'बाकी' मध्येच. म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

आधी शहराबद्दल. शहरातल्या युनिव्हर्सिटीचं बिझनेस स्कूल म्हणजे डोळ्यासमोर जे हिरवंगार कॅम्पस येतं ते नसतं, बहुतेक ठिकाणी एक-दोन बिल्डिंगा, लिफ्टसमोर कायम रांग आणि लायब्ररीतल्या ग्रुप रूमसाठी बुकिंगची मारामारी. निम्मी मुलं हॉस्टेलला नाहीतर भाड्याने, निम्मी घरून ये-जा करणारी, त्यामुळे मीटिंग कधी ठेवायची हे शेवटच्या ट्रेनवर ठरतं. पण याचाच एक फायदा असा की ऑफिसेस आजूबाजूलाच असल्याने गेस्ट लेक्चरला माणसं सहज येतात, आणि संध्याकाळी पार्ट-टाइम बॅच येते, दिवसभर नोकरी करून आलेली. एखादं इलेक्टिव्ह, म्हणजे आपण निवडायचा विषय, त्यांच्यासोबत मिळालं तर सोडू नका. आपण पुस्तकातून इन्व्हेंटरी शिकत असतो आणि मागच्या बाकावरचा माणूस सांगतो की आमच्या गोडाऊनमध्ये सिस्टीमवर माल दिसतो आणि रॅकवर नसतो, मग तुमचा फॉर्म्युला काय करणार. सगळा वर्ग जागा होतो.

आता केसबद्दल, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो. केस म्हणजे एखाद्या कंपनीची खरी परिस्थिती, दहा-वीस पानं आणि मागे एक्झिबिट्स, म्हणजे आकड्यांचे तक्ते, आणि प्रश्न एकच असतो, तुम्ही त्या मॅनेजरच्या जागी असता तर काय केलं असतं. ही पद्धत मुळात वकिलीच्या शिक्षणातली, हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये 1870 पासून चालत आलेली. हार्वर्ड बिझनेस स्कूल 1908 ला सुरू झालं आणि तिथे वॉलेस डोनम नावाचे डीन आले, ते स्वतः लॉ शिकलेले, त्यांनी ती धंद्याच्या शिक्षणात रुजवली, पहिली केस 1921 ची, एका बूट कंपनीवरची. शंभर वर्षं झाली तरी पद्धत तीच आहे आणि मला वाटतं ती टिकली कारण तिच्यात उत्तर लपवलेलं नसतं. सगळी माहिती कधीच मिळत नाही, तरी ठरवायचं असतं, आणि ठरवलेलं चारचौघांत मांडायचं असतं.

क्लास पार्टिसिपेशनला मार्क असतात, सगळे त्याला सीपी म्हणतात. सुरुवातीला प्रत्येक जण सीपीसाठी हात वर करतो, आधीच्याचंच वाक्य फिरवून बोलतो, प्रोफेसरही ऐकून घेतात. पण काही आठवड्यांनी वर्ग बदलतो. मला आठवणारी सगळ्यात चांगली कमेंट कुठलं मोठं भाषण नव्हती, एका मुलीने शांतपणे एवढंच म्हटलं की तुझा मुद्दा पटतोय पण तू सेल्स वाढले म्हणतोस ना, एक्झिबिट तीन बघ, किमती वाढल्यात, नग कमी झालेत. एक क्षण कुणी काही बोललं नाही, मग सगळ्यांनी पानं उलटली आणि चर्चा पूर्ण दुसऱ्या दिशेला गेली. असं ऐकून बोलणं जमायला लागलं की सीपीचे मार्क आपोआप येतात.

पण मला मनापासून लिहायचंय ते ग्रुपबद्दल. ग्रुप तुम्ही निवडत नाही, ऑफिस यादी लावतं, आणि ती मुद्दाम मिसळलेली असते, एक इंजिनिअर, एक कॉमर्सचा, एक काही वर्षं नोकरी केलेला, एक थेट डिग्री संपवून आलेला. सगळ्या सबमिशन्स, सगळी प्रेझेंटेशन्स याच चार-पाच जणांसोबत. आणि मग फ्री रायडरचा, म्हणजे काम न करता सगळ्यांसोबत मार्क घेणाऱ्याचा, प्रश्न येतोच. हा काही आजच्या पिढीचा आळस नाही. मॅक्स रिंगेलमन नावाच्या फ्रेंच शेती-इंजिनिअरने माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं, 1913 ला ते छापून आलं, माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला, आठ जण झाल्यावर जवळपास निम्म्यावर. काही जण हात आखडता घेतात हे खरं, पण एकमेकांचा ताल जमत नाही हेही तितकंच खरं. म्हणून ग्रुपमध्ये भांडण्याआधी ताल जमवायचा. पहिल्याच मीटिंगला कोण कुठल्या दिवशी अजिबात मोकळं नसणार ते बोलून घ्या, आणि पीपीटी शेवटी एकाच हाताने जोडली जाईल हे ठरवा, पाच जणांच्या पाच फॉन्टची पीपीटी रात्री दोन वाजता सरळ करणं फार वाईट. पीअर इव्हॅल्युएशनचा, म्हणजे ग्रुपमधल्यांनी एकमेकांच्या कामाबद्दल लिहायचा, फॉर्म येतो तेव्हाही खरं लिहा, आणि लिहायच्या आधी त्या माणसाला तोंडावर सांगा.

ग्रुप काय देतो याचं एक उदाहरण देते. मिडटर्मच्या आधी आम्ही लायब्ररीच्या रूममध्ये बसलेलो, आमच्यातल्या दोघा इंजिनिअर्सना प्रॉफिट आणि कॅश फ्लो वेगळे का हे काही केल्या बसत नव्हतं. कॉमर्सवाल्या मित्राने व्हाइटबोर्डवर लिहिलं: ऐंशीचा माल घेतला, शंभरला विकला, नफा वीस. मग खाली दोन ओळी. सप्लायरला पैसे तीस दिवसांत, गिऱ्हाईक देणार नव्वद दिवसांनी. "आता एकतिसाव्या दिवशी तुझ्या खिशात काय आहे?" काहीच नाही. आणि धंदा वाढला तर? दोघंही एकदम म्हणाले, मग तर जास्तच खड्डा! वही-पेन बाजूला राहिलं आणि पुढचा तासभर सगळे उधारीवरच बोलत होतो. नफ्यात चाललेली कंपनी पैशाअभावी बसते कशी हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण समजलं त्या बोर्डवर.

दुसरी गोष्ट बिअर गेमची, जवळपास प्रत्येक बिझनेस स्कूलमध्ये खेळवतात. 1960 च्या आसपास अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये प्रोफेसर जे फॉरेस्टर यांच्या ग्रुपने बनवलेला, बिअर नावापुरतीच. एका टेबलावर चार जागा: रिटेलर, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर, फॅक्टरी. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची, आणि माल यायला दोन-दोन आठवडे लागतात. साठवलेल्या पेटीचा खर्च पडतो, न पुरवलेल्या पेटीचा दुप्पट. पहिले चार राउंड शांतता, मग कुणीतरी घाबरून जास्त मागवतं, मागचा त्याहून जास्त मागवतो, फॅक्टरीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, आणि मग अचानक सगळीकडे माल पडून. शेवटी विचारतात, गिऱ्हाइकाची मागणी कशी होती? प्रत्येक जण चढउताराची लाट काढतो. खरा ग्राफ दाखवतात तर मागणी पहिले चार आठवडे चार पेट्या, पाचव्यापासून आठ, आणि मग शेवटपर्यंत आठच. एवढंच! गिऱ्हाईक फक्त एकदाच बदललं होतं, बाकी गोंधळ आम्ही, हुशार म्हणवणाऱ्यांनी, प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबर वागून केला होता. याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात आणि नंतर कुठल्याही टंचाईची बातमी वाचताना मला ते टेबल आठवतं.

एक्सेल तर श्वासासारखं होतं. या विद्येचं मूळही बिझनेस स्कूलच्या वर्गातच आहे, डॅन ब्रिकलिन हार्वर्डला एमबीए करत होते, 1978 मध्ये प्रोफेसर फळ्यावर एक आकडा चुकले की पुढचे सगळे खोडून पुन्हा लिहायचे ते पाहून त्यांना सुचलं की आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलावेत, आणि 1979 ला व्हिसिकॅल्क हे एक्सेलच्या आधीचं स्प्रेडशीट बाजारात आलं. एका विद्यार्थ्याला वर्गात कंटाळा येण्याऐवजी प्रश्न पडला, म्हणून हे मला फार आवडतं.

प्लेसमेंटच्या दिवसांबद्दल थोडंच. ते अवघड असतात, कारण कालपर्यंत एकत्र अभ्यास करणारेच एका शॉर्टलिस्टसाठी समोरासमोर येतात, वर ग्रेडिंग कर्व्हवर, म्हणजे बाकीच्यांच्या तुलनेत, असेल तर नोट्स द्याव्या की नाही इथपर्यंत लोक विचार करायला लागतात. द्या. ज्या बॅचमध्ये नोट्स फिरतात तिथे मॉक इंटरव्ह्यूही फिरतात, ऑफर मिळालेली मुलं बाकीच्यांसाठी रात्री बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शॉर्टलिस्ट आली की कॉलेजच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकू नका, ज्याचं नाव नाही तोही तो बघतोय.

यायच्या आधी तयारी करायचीच असेल तर बॅलन्स शीट वाचायला शिका आणि एक्सेलचा हात बसवा, बाकी इथे होतं. आणि सेकंड इयरला इलेक्टिव्ह निवडताना विषयाच्या नावाकडे कमी आणि शिकवणाऱ्याकडे जास्त बघा, सिनिअर्सना विचारा कोणाच्या वर्गात प्रश्न विचारले जातात. मी मार्केटिंगचं ठरवून आले होते आणि ऑपरेशन्स घेतलं, फक्त तो बिअर गेम खेळवणाऱ्या सरांमुळे.