कोल्हापुरात ६० हजारांत गेमिंग पीसी जमवताना

दुकानात पहिला प्रश्न येतो, "आय-फाइव्ह घालायचा का आय-सेव्हन?" गेमिंगच्या पीसीची निवड प्रोसेसरपासून सुरू केली की पैसे नको तिथे संपतात. मी सुरुवात मॉनिटरपासून केली. २४ इंची, १०८०पी (१९२०×१०८० ठिपक्यांचा पडदा), १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) एवढं पक्कं झालं की त्याला पुरेल असं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र तयार करणारं कार्ड ठरतं, कार्डावरून एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा ठरतो आणि प्रोसेसर, मदरबोर्ड उरलेल्या पैशात बसवायचे. २०२४ मधली ही खरेदी, मॉनिटर सोडून मर्यादा ६० हजार.

राजारामपुरी आणि शाहूपुरीतल्या दुकानांतून कोटेशन मागताना प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल नंबर आणि जीएसटी धरून भाव, असं लिहून घेतलं. 'पूर्ण सेट इतक्याला' अशा कोटेशनमध्ये '१६ जीबी रॅम, ५०० वॅट एसएमपीएस' एवढंच असतं. कुठल्या कंपनीचं, कुठलं मॉडेल, हे पेटी उघडल्यावर कळून उपयोग नाही.

कार्डासाठी बजेटचा तिसरा हिस्सा तरी बाजूला ठेवावाच. मी आरएक्स ६६०० निवडलं, साधारण २१ हजारांना. ८ जीबी मेमरी, १३२ वॅट, विजेसाठी एकच ८ पिनची वायर. त्याच किमतीच्या आसपास दुकानदार आरटीएक्स ३०५० पुढे करत होते, पण १०८०पीला ६६०० स्पष्टपणे पुढे आहे. ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल तर नाव तेच ठेवून आणखी मंद आहे. जुन्या पीसीत जादा वायरीशिवाय चालतं, एवढाच त्याचा उपयोग. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण ते पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या, चारच लेन वापरतं आणि मेमरी ४ जीबी. जुन्या, जेन ३ च्या (पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीच्या) बोर्डवर ते फार मागे पडतं. स्वस्तातल्या आरएक्स ५८० पासून लांब राहावं. त्यातली बरीच '२०४८ एसपी' प्रकारातली, म्हणजे मूळ २३०४ शेडरपेक्षा (चित्र रंगवणाऱ्या छोट्या युनिटपेक्षा) कमी शेडरची असतात, शिवाय क्रिप्टो मायनिंगमध्ये राबलेली निघू शकतात.

प्रोसेसर रायझेन ५ ५६००, साडेअकरा हजारांच्या आसपास. सहा कोअर, बारा थ्रेड, कूलर पेटीतच मिळतो. ५६००जी घ्या म्हणून आग्रह होतो, कारण त्यात डिस्प्ले आहे, म्हणजे वेगळ्या कार्डाशिवाय पडद्यावर चित्र येतं. पण त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि पीसीआयई जेन ३ पर्यंतच. वेगळं कार्ड घेणारच असाल तर साधा ५६०० बरा. मात्र त्याला स्वतःचा डिस्प्ले नाही, म्हणून मॉनिटरची केबल बोर्डच्या एचडीएमआयला लावली तर पडदा काळाच राहतो. पीसी बंद पडला म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं कारण एवढंच असतं. इंटेलचा आय५-१२४००एफ सुद्धा गेममध्ये जवळपास बरोबरीचा आहे, पण त्याच्यासोबत स्वस्तात मिळणाऱ्या एच६१० बोर्डला रॅमचे दोनच स्लॉट. मला चार स्लॉट हवे होते, म्हणून बी५५०एम बोर्ड घेतला, ९ हजारांचा. त्याऐवजी जुना बी४५० घेऊन तेव्हा दोन-अडीच हजार वाचत होते आणि आरएक्स ६६०० ला त्याने फारसा फरक पडत नाही. फक्त जुन्या स्टॉकमधल्या बोर्डचं बायोस (बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) रायझेन ५००० मालिकेसाठी अपडेट करून द्या, असं दुकानात आधीच सांगावं.

रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर४, वेग ३२००, सीएल१६ (हा विलंबाचा आकडा, कमी तितका बरा). १६ ची एकच पट्टी घेऊ नये, ड्युअल चॅनलविना, म्हणजे दोन पट्ट्या एकाच वेळी वापरल्याविना, गेमचे फ्रेम कमी होतात. तेव्हा ही जोडी पावणेचार हजारांत बसली. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे आजचा हिशेब ताज्या कोटेशनवरच करा. एसएसडी १ टीबी एनव्हीएमई (थेट बोर्डवर बसणारी), टीएलसी प्रकारच्या मेमरी चिपची, तेव्हा साडेपाच हजार. ५०० जीबीवाली विंडोजमध्ये ४६५ जीबीच दिसते आणि एकेक मोठा गेम १०० जीबीच्या वर जातो.

आता एसएमपीएस. सगळ्यात जास्त काटकसर इथे होते आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथूनच. कॅबिनेटसोबत फुकट आल्यासारखा जो एसएमपीएस येतो, त्यावर ४५० वॅट छापलेलं असतं. ते वाचू नका, लेबलवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि १२ ने गुणा. १६ अँपिअर असतील तर झाले १९२ वॅट. आरएक्स ६६०० चे १३२ आणि ५६०० ला पूर्ण भारावर मिळणारे ७६ मिळून २०८ होतात, पंखे आणि एसएसडी वेगळेच. म्हणजे गेम जड झाला की पीसी फटकन रीस्टार्ट होणार, आणि दोष विंडोजला दिला जाणार. असल्या एसएमपीएसला ८ पिनची वायर नसते, म्हणून मोलेक्सचा (जुन्या चार पिनच्या वायरीवरून घेणारा) कन्व्हर्टर जोडून देतात. तो घेऊच नका, कनेक्टर वितळतो. ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते, याचा दर्जा), नावाजलेल्या कंपनीचा, असा सव्वाचार हजारांत मिळाला. यात हजार वाचवून २१ हजारांचं कार्ड पणाला लावणं मला पटत नाही.

कॅबिनेट साडेतीन हजारांचं, पुढे जाळी असलेलं, पुढून दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा. पुढे अखंड काच असलेली कॅबिनेट दिसायला देखणी, पण आत वारा जात नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागात राहणाऱ्यांनी तर काढून धुता येणारी फिल्टर जाळी आहे ना, हे बघूनच घ्यावं. फाउंड्री आणि मशीन शॉपच्या धुळीत लोखंडाचे बारीक कण असतात, ते वीजवाहक आहेत. पंधरा दिवसांनी जाळी झटकायची. पीसी जमिनीवर ठेवायचा नाही. पंचगंगेच्या बाजूच्या वस्तीत २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्यांना हे सांगायला नको.

पावसात लाइट ये-जा करते, म्हणून यूपीएसचे पैसे वेगळे धरा. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. गेम चालू असताना मॉनिटरसकट भार ३०० च्या घरात जातो, बॅटरी जुनी झाली की तो लगेच हात टेकतो. १००० व्हीए, ६०० वॅटचा घ्यावा. जुन्या घरात आधी अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टीमीटर दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर वायरमनला बोलवा.

बिल पक्कंच घ्यावं आणि त्यावर कार्ड, बोर्ड, एसएसडीचे सिरीयल नंबर लिहून घ्यावेत. वॉरंटीत माल दुकानदार पाठवणार का आपण, कुरियरचा खर्च कोणाचा, हे पैसे देण्याआधी विचारा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन तेव्हा हजार-दीड हजार स्वस्त मिळत होतं, पण एक बोर्ड परत पाठवायचा झाला की तो फरक संपतो. म्हणून कार्ड आणि बोर्ड मी गावातच घेतले.

जोडणी समोर बसून करून घेतली. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू. ते न केल्यास ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत राहते. रॅमचा वेग दाखवणाऱ्या सीपीयू-झेड प्रोग्राममध्ये १६०० दिसलं तर घाबरू नका, डीडीआरमध्ये तो आकडा दुप्पट धरायचा असतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वर असेल तर १४४ करा. शेवटी अर्धा तास जड गेम चालवून तापमान पाहा. पेटीतल्या कूलरवर प्रोसेसर ७० ते ८० अंशांत राहायला हवा, ९० ही त्याची मर्यादा. त्याच्या जवळ जात असेल तर कूलरचे चारही स्क्रू सारखे आवळलेत का ते आधी बघा, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदलायचा विचार त्यानंतर.