सव्वादोन तासांतला तासभर

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर साधारण 1,140 किलोमीटर. राजधानी एक्सप्रेसला हेच अंतर 1,384 पडतं, कारण रुळांना बडोदा, रतलाम, कोटा अशी सगळ्यांची विचारपूस करत जावं लागतं. विमानाला तसली भीड नसते. ताशी 840 किलोमीटरने भागा, एक तास एकवीस मिनिटं येतात. तिकिटावर मात्र सव्वादोन तास! बाकीचा वेळ जातो कुठे?

तिकिटावरची वेळ नुसत्या उड्डाणाची नसतेच. मुंबईत विमान जागचं हललं की घड्याळ सुरू, आणि दिल्लीत ते ठरल्या जागी उभं राहिलं की बंद. म्हणजे जमिनीवरचं रांगणंही त्यातच आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी बहुतेक एकीवरच भागवावं लागतं. गर्दीच्या वेळी पंधरा-वीस मिनिटं रांगेतच जातात.

शिवाय ते 840 फक्त मधल्या टप्प्यात मिळतात. दहा हजार फुटांखाली वेगाला 250 नॉटची, म्हणजे ताशी सुमारे 463 किलोमीटरची वेसण असते. उतरण्याचा ठोकताळा असा: दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. पस्तीस हजारांवरून उतरायला 105 नॉटिकल मैल, जवळपास 195 किलोमीटर लागतात. जयपूर मागे पडलं की थोड्याच वेळात उतरण सुरू.

एवढ्यानेही भागत नाही. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. दिल्लीत वारा पश्चिमेचा असला की पूर्वेकडून उतरायचं, आणि मुंबईचं विमान तर येतं नैर्ऋत्येकडून. मग शहराला वळसा घालून मागच्या दाराने शिरायचं. पूर्वेचा वारा असला तर हा हेलपाटा वाचतो.

वर उंचावरचा वारा वेगळाच. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेचा जोरदार झोत वाहतो. दिल्ली-मुंबईला तो बराचसा कुशीवर बसतो, पण कोलकात्याला जाताना पाठीवर आणि परतताना तोंडावर. म्हणूनच एकाच अंतराच्या जाण्यायेण्याच्या वेळा जुळत नाहीत. वेळापत्रकवाल्यांची चूक नसते ती.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या पहाटेच्या धुक्यापुढे हे सगळं गणित कोलमडतं. तेच विमान दिवसभरात चार-पाच फेऱ्या मारतं, त्यामुळे सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत पुरतो. दिल्लीहून पुढचं विमान पकडायचं असेल तर या दिवसांत तीन तास हाताशी ठेवावेत. धुकं साधारण दुपारपर्यंत ओसरतं, पण सकाळचा तुंबलेला खोळंबा नाही.

हे सारं धरून कंपन्या वेळापत्रकात थोडी फट ठेवतात. रांग नसली, वारा अनुकूल मिळाला, की विमान वीस मिनिटं आधीच टेकतं. तशी घोषणाही ऐटीत होते. मग कळतं, आपल्या जागेवर अजून आधीचंच विमान उभं आहे.