हरलेली लढाई, गराडू आणि रत्नावती

२१ डिसेंबर, रात्री साडेबारा

सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातून आत्ताच आलो. स्वेटरला तळणाचा वास येऊन राहिला आहे. 'येऊन राहिला' म्हटलं की पुण्याची नात खो-खो हसते, पण ही माझी रोजनिशी आहे, इथे इंदुरीच चालणार. नात झोपलीय. तिची वही मात्र जेवणाच्या टेबलावर उघडीच पडली आहे, आणि मला झोप नाही.

शाळेने सुट्टीचं काम दिलंय: एक काल्पनिक राज्य रचा, त्याची राजधानी काढा, अर्थव्यवस्था, संस्कृती आणि खाणं यांवर लिहा. आमच्या नातबाईसाहेबांनी राजधानीचं नाव ठेवलं रत्नावती. मधोमध राजवाडा, चार दिशांना चार दरवाजे, भोवती नदी. नदी इतकी निळी रंगवली आहे की आमची खान नदी आठवून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

सकाळी पोह्यांच्या बशा घेऊन आम्ही दोघं वही उघडून बसलो. अर्थव्यवस्थेखाली एकच ओळ: 'सोन्याच्या खाणी आहेत, म्हणून सगळे श्रीमंत आहेत.' राजधानी इथेच का, तर एका शहाण्या राजाने टेकडीवर उभं राहून ही जागा निवडली.

"असं होत नसतं गं," मी म्हणालो. "आज तारीख काय?"

"एकवीस."

तारीख खरोखर योगायोगाने जुळून आली होती. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांकडून हरली. गादीवर होता दुसरा मल्हारराव, वय अकरा-बारा. "म्हणजे माझ्याएवढा?" तिने घास हातातच धरला. हो, तुझ्याएवढा. त्याच्या वतीने कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंची आदल्याच दिवशी हत्या झाली होती, ते मी गाळलं. नाश्त्याच्या वेळची गोष्ट नव्हे ती. पुढे जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला. मुलूख गेला, इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला त्यांचा प्रतिनिधी, इंदूरला येऊन बसला आणि होळकरांची राजधानीही इथे आली. अहिल्याबाईंनी कारभार केला तो महेश्वरहून, नर्मदेच्या काठावरून. इंदूर तोवर व्यापाराच्या वाटेवरची पेठ. तात्या जोग दिवाण होते, त्यांनी विस्कटलेली घडी बसवली.

"म्हणजे लढाई हरले म्हणून राजधानी झाली?"

मी मान हलवली. तिला ते पटलं नाही. अकराव्या वर्षी पटूही नये.

मग पैशाकडे वळलो. खाणी आमच्याकडे नव्हत्याच; काळी जमीन होती, कापूस होता. आणि अफू. हा शब्द शाळेच्या वहीत घालावा की नाही यावर आमची ही आणि मी पाच मिनिटं भांडलो. पण माळव्याची अफू वगळून इंदूरच्या शेटजींची तिजोरी समजावायची कशी? तो पैसा पुढे कापडगिरण्यांत शिरला. दुसऱ्या तुकोजीरावांनी तर १८७० च्या सुमारास खंडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने. राजाने इंग्रजाला कर्ज दिलं हे मात्र तिला फार आवडलं. तिने लगेच वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

माझे वडील गिरणीत होते. कुठल्या, ते इथेही लिहीत नाही. शेवटच्या हिशेबासाठी त्यांना जे हेलपाटे घालावे लागले त्याबद्दल लिहायला बसलो तर पहाट होईल. आमच्या घरात घड्याळ होतं, पण बघत कोणी नसे. भोंगा झाला की आई कणीक भिजवायची, दुसरा झाला की वडील सायकल काढायचे. भोंगे बंद झाले तेव्हा ती काही दिवस नुसती ओट्यापाशी उभी राहायची.

नातीला सांगितलं ते दुसरंच. अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे. प्रत्येक गिरणीची आपापली. कामगारच बांधायचे: हलणारे हत्ती, डोळे मिचकावणारा रावण, दिव्यांच्या माळा. मी वडिलांच्या खांद्यावर बसून त्या बघितल्या, जेल रोडवर, पहाटे तीनपर्यंत. गिरण्या बंद पडून तीस वर्षं झाली, तरी झांक्या निघतात. वर्गणी काढतात, जुने कामगार राबतात. कापूस नाही, सूत नाही, गिरणी नाही, आणि गिरणीच्या नावाची झांकी रस्त्यावर. संस्कृतीच्या रकान्यात हे कसं लिहायचं, असं तिने विचारलं. मला सांगता आलं नाही. तिने 'नृत्य, गायन, चित्रकला' लिहून टाकलं.

खाण्याचा रकाना मात्र रिकामाच होता. म्हटलं, याचं उत्तर घरी बसून मिळायचं नाही.

रात्री साडेनऊला सराफ्यात पोचलो तेव्हा सोनारांची शेवटची शटरं पडत होती. हे मला दर वेळी बघायला आवडतं. एक म्हातारा सोनार कुलूप लावून दोनदा ओढून बघतो, आणि त्याच्या पायरीवर कढईवाला आधीच बूड टेकून बसलेला असतो. दोघं एकमेकांशी काही बोलत नाहीत. लोक सांगतात, रात्रभर वर्दळ राहिली की चोरांची धास्ती नाही, म्हणून सोनारांनाही हा बाजार हवासा. ऐकीव गोष्ट आहे, पण त्या पायऱ्या बघितल्या की खरी वाटते.

थंडी आहे, म्हणून आधी गराडू. कंदाच्या फोडी एकदा तळून परातीत रचलेल्या असतात. गिऱ्हाईक आलं की पुन्हा कडकडीत तेलात सोडायच्या, कडा लाल-करकरीत होईपर्यंत. बाहेर काढल्या की लिंबू, आणि वरून जीरावन. ते भुरभुरण्याची एक लकब असते. दोन बोटं आणि अंगठा, मनगट जरासं उंच, म्हणजे मसाला ढिगासारखा न पडता सगळ्या फोडींवर बसतो. नातीने पहिली फोड तोंडात टाकली, जीभ भाजली, आणि डोळ्यांत पाणी असतानाच दुसरी उचलली. मग भुट्ट्याचा कीस: मक्याचं कणीस किसून तुपावर परतायचं, हिंग, मिरची, आणि दूध घालून ते आटेपर्यंत हलवत राहायचं. ही घरी करते तो मला जास्त आवडतो, पण तसं बाजारात उभं राहून बोलायचं नसतं. शेवटी तिने तिच्या तोंडाएवढा जलेबा घेतला आणि अर्धा माझ्या गळ्यात घातला. डॉक्टरांना काय सांगायचं ते बघू.

परतताना राजवाड्यासमोर थांबलो. १९८४ मध्ये तो जळाला होता, मग पुन्हा उभा केला. तिने विचारलं, "आजोबा, आता इंदूर कुठली राजधानी आहे?"

कुठलीच नाही. १९४८ मध्ये मध्य भारत हे राज्य झालं तेव्हा वाटणी झाली होती, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. आम्हाला हायकोर्टाचं खंडपीठ मिळालं. माझे वडील हे सांगताना दर वेळी चुकचुकायचे, जणू घरातलं कपाट कोणी उचलून नेलं.

"मग लोकांनी काय केलं?"

"काय करणार? पाळीवर गेले असतील. रात्री इथे आले असतील."

तिने पुढे काही विचारलं नाही. घरी आल्यावर पाय धुवायच्या आधी वही घेऊन बसली. डोळे मिटत होते तरी पेन्सिल चालू. आत्ता बघतोय तर सोन्याच्या खाणी खोडल्या आहेत. तिथे लिहिलंय: 'दिवसा सोनं विकतात. रात्री त्याच पायरीवर गराडू.' राजाच्या नावापुढचा 'शहाणा' हा शब्द गेला आहे. 'वय ११, लढाई हरला' एवढंच उरलंय. अफू राहिली आहे, शुद्धलेखनाच्या चुकीसकट. ही सकाळी बघेल तेव्हा बघेल.

नदी तेवढी अजून तशीच निळी आहे. त्याबद्दल मी काही बोललो नाही.