गच्चीवरच्या भोपळ्याची भुरी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीने गच्चीचा एक कोपरा झाडांसाठी मोकळा ठेवला आहे. तिथे मोठ्या ग्रोबॅगमध्ये मी दिवाळीनंतर लाल भोपळा आणि झुकिनी लावते. पावसाळ्यात त्याच जागी दोडका आणि घोसाळी जोमाने वाढतात. भोपळ्याच्या रुंद, लवदार पानांना मात्र हिवाळ्यातले कोरडे ऊन अधिक मानवते. परंतु येऊरच्या बाजूने रात्रीचा गारवा उतरू लागला आणि दिवसा ऊन नेहमीसारखेच राहिले, की या पिकाचा ठरलेला रोग, म्हणजे पानांवर पांढऱ्या पुडीसारखी पसरणारी बुरशी, भुरी, हमखास येते. गेल्या हंगामात ती नेमकी मादी फुले धरू लागली तेव्हा आली. तिच्यातून वेल कसे सोडवले, ते इथे लिहीत आहे.

पहिली अडचण रोग ओळखण्याची होती. झुकिनीच्या आणि लाल भोपळ्याच्या कित्येक वाणांत पानांच्या शिरा जिथे फुटतात तिथे रुपेरी-पांढरे चट्टे मुळातच असतात, आणि नव्या माणसाला तीच भुरी वाटते. माझ्या मामांची निफाडला द्राक्षबाग आहे, आणि द्राक्षवाल्यांचा निम्मा हंगाम भुरी आणि डावणी (पानांवरचा असाच दुसरा रोग) यांच्यावर नजर ठेवण्यातच जातो, म्हणून मी त्यांनाच फोन केला.

“अगं, फोटो नको पाठवूस, बोटाने पुसून बघ,” मामा म्हणाले. “पुसलं गेलं तर भुरी. नाही गेलं तर पानाचा रंगच तसा आहे, उगाच औषध मारत बसू नकोस. आणि पान उलटं करून बघ. खाली जांभळट बुरशी दिसली तर ती डावणी, तिचा इलाज वेगळा.”

झुकिनीचे चट्टे जागचे हलले नाहीत. भोपळ्याच्या खालच्या, सावलीतल्या पानांवरचे गोल ठिपके मात्र बोटावर आले. भिंगातून पाहिले तेव्हा त्या पांढऱ्या थरात उभ्या राहिलेल्या बारीक तंतूंची गर्दी दिसली, आणि कडेला, जिथे ठिपका नुकताच पसरू लागला होता, तिथे पान अजून हिरवेगार होते. डावणीत वरच्या बाजूने शिरांच्या चौकटीत अडकलेले कोनाकृती पिवळे डाग पडतात. तसे काहीच नव्हते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण डावणीला पानावर पाण्याचा ओलावा लागतो, तर भुरीचे बीजाणू कोरड्या पानावरही रुजतात. हवा दमट, पान कोरडे आणि वेलाची दाटी, एवढे तिला पुरते. म्हणूनच भर पावसात जी भुरी फारशी दिसत नाही, ती डिसेंबर-जानेवारीत माजते.

आमच्या मजल्यावरच्या काकूंची समजूत होती की हा रोग त्यांच्या गुलाबावरून आला, आणि त्या बिचाऱ्या कुंडी खाली नेण्याच्या बेतात होत्या. गुलाबाची, द्राक्षाची आणि भोपळ्याची भुरी दिसायला सारखी असली तरी त्या बुरशी वेगवेगळ्या आहेत आणि एकीचा दुसरीच्या पिकाशी संबंध नसतो. भोपळ्यावर ती काकडी, दुधी, कलिंगड अशा त्याच्याच भाऊबंदांवरून, वाऱ्यावर येते. आपल्याकडे वेल गोठवून टाकणारी थंडी पडत नाही, त्यामुळे आसपास कुणाच्या तरी खिडकीत एखादा वेल वर्षभर हिरवा असतोच. गुलाब जागच्या जागी राहिला.

उपचारांपैकी सर्वांत जास्त गुण कात्रीने दिला, असे माझे मत आहे. जमिनीलगतची, पूर्ण पांढरी झालेली पाने मी देठासकट काढली आणि पिशवीत बांधून ओल्या कचऱ्यात दिली. गच्चीवरच्या कंपोस्टच्या पिंपात टाकली नाहीत. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पाने काढू नयेत, कारण फळ पोसायचे काम पानांनाच करायचे असते आणि उघड्या पडलेल्या कोवळ्या फळांना ऊन लागते. मग कठड्याला टेकलेले वेल सोडवून दोरीवर एकेक करून अंतराने बांधले, म्हणजे मधून वारा खेळू लागला. जीवामृत (शेण-गोमूत्राचे आंबवलेले पातळ खत) देणे काही काळ थांबवले, कारण नत्राच्या भराने लुसलुशीत वाढलेल्या पानांवर भुरी अधिक चढते.

फवारणीसाठी मी दूध निवडले. हा आजीबाईचा बटवा नव्हे. ब्राझीलमधील शास्त्रज्ञ वाग्नेर बेत्तियोल यांनी १९९९ साली हरितगृहातल्या झुकिनीच्या भुरीवर गायीच्या दुधाचा प्रयोग प्रसिद्ध केला आणि पाण्यात दहा टक्के किंवा त्याहून अधिक दूध घातल्यास रोग चांगला आटोक्यात येतो, असे त्यात दाखवले. मी एक भाग टोन्ड दूध आणि नऊ भाग पाणी घेऊन आठवड्यातून एकदा, सकाळी, ऊन चढण्यापूर्वी पानांच्या दोन्ही बाजू भिजवत असे. सायीचे दूध वापरल्यास पंपाची जाळी तुंबते आणि गच्चीला दह्याच्या भांड्यासारखा वास येतो, ज्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर निष्कारण चर्चा होते.

पाण्यात विरघळणारे गंधक हा भुरीवरचा जुना आणि खात्रीचा उपाय आहे, आणि मामा स्वतः तोच वापरतात. पण भोपळावर्गीय वेलांच्या पानांना गंधक सहज भाजते, विशेषतः पारा ३२ अंशांच्या वर गेला की. शिवाय निंबोळी तेल फवारल्यानंतर निदान दोन आठवडे गंधक मारता येत नाही. माझ्या गच्चीची फरशी दुपारी जी तापते ती पाहता मी गंधकाच्या वाटेला गेले नाही. मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला तेव्हा संध्याकाळी एका लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब, एवढेच दिले.

मावा इथे भुरीपेक्षा घातक ठरला. झुकिनीच्या एका झाडाची शेंड्याची पाने आखडून, गडद हिरवे फोड येऊन अरुंद होऊ लागली, आणि फळ खडबडीत निघाले. हा माव्यामार्फत पसरणारा मोझॅक विषाणू होता. त्याला औषध नाही. ते झाड मुळासकट उपटले आणि त्याच्यावर वापरलेली कात्री साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या वेलाला लावली नाही, कारण काही मोझॅक विषाणू रसावाटेही पसरतात.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित होती. भुरीच्या पानांवर गडद पिवळे, ठिपके नसलेले चिमुकले ढालकिडे (लेडीबग) फिरू लागले. ते पान कुरतडत नव्हते, तर पांढरा थरच चरत होते. भुरीवर जगणारी ढालकिड्यांची ही जात आपल्याकडे सर्रास आढळते. पाने खाणारा त्यांचा नातेवाईक नारिंगी, बारीक केसांचा आणि अठ्ठावीस ठिपक्यांचा असतो, त्याला जरूर वेचावे. पिवळे ढालकिडे दिसू लागल्यावर मी निंबोळी तेल पूर्ण बंद केले.

आधी पांढरी झालेली पाने शेवटपर्यंत तशीच राहिली. दुधाने ती पुन्हा हिरवी होत नाहीत. त्यानंतर आलेली पाने मात्र स्वच्छ निघाली आणि त्यांच्याच जोरावर भोपळे पोसले. भुरी फळावर सहसा उतरत नाही, म्हणून ते खायला निर्धास्त असतात. मार्चमध्ये ऊन वाढल्यावर वेल काढून टाकले, माती ताडपत्रीवर पसरून वाळवली आणि त्या पिशव्यांत पालक पेरला. पुढच्या हंगामासाठी त्याच जागेत एक वेल कमी लावायचे ठरवले आहे.