ह्यूस्टनच्या रोटरी अधिवेशनाचा धडा : स्टॉल लावायचा असेल तर आधी हमालीचं वाचा

बूथचं भाडं बघून बजेट बांधू नका. मालाच्या धक्क्यापासून बूथपर्यंतच्या काही पावलांचा खर्च त्या भाड्याच्या तोडीस तोड जातो, आणि माहितीपत्रकात तो शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत असतो.

अधिवेशन झालं 4 ते 8 जून 2022 ला, जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये. 2019 च्या हँबर्गनंतर प्रत्यक्ष भरलेलं हे पहिलंच, त्यामुळे ‘हाउस ऑफ फ्रेंडशिप’मध्ये, म्हणजे स्टॉलांच्या हॉलमध्ये, गर्दी भरपूर होती. आपला स्टॉल हाताने चालवायच्या तीनचाकी गाड्यांचा, म्हणजे मोबिलिटी वर्ल्डवाइड या अमेरिकेतल्या सेवाभावी संस्थेचे स्वयंसेवक बनवतात आणि गरजूंना फुकट देतात त्या. झाईरमध्ये (आताच्या काँगोमध्ये) काम करणारे मिशनरी लॅरी हिल्स यांनी 1994 मध्ये पाय गमावलेल्यांची अडचण अमेरिकेतल्या मिसुरीचे पाद्री मेल वेस्ट यांच्या कानावर घातली, अर्ल मायनर यांनी गाडी आखली, तिथून हे काम सुरू झालं. पोलिओने पाय गेलेल्यांनाही हीच गाडी लागते, आणि पोलिओ हा रोटरीचा 1985 पासूनचा ध्यास. त्यामुळे इथे गाडीचं महत्त्व पटवायला फार बोलावं लागत नाही. गाडी आत नेणं हेच खरं काम.

अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या हॉलमध्ये सामान हाताळण्याचा ठेका एकाकडेच असतो. बिलावर याला ‘मटेरियल हँडलिंग’ किंवा ‘ड्रेयेज’ म्हणतात. दर शंभर पौंडांवर लागतो आणि प्रत्येक खेपेला किमान वजन धरतात, सहसा 200 पौंड, म्हणजे 90 किलो. बॅनर कुरिअरने वेगळा आला, पत्रकांचा 30 पौंडांचा खोका वेगळा आला आणि गाडी तिसऱ्या ट्रकने आली, तर तुम्ही 600 पौंडांचे पैसे भरता. सगळं एकाच पेटीत बांधून दोनशेच्या आत बसवलं तर त्याच्या एक तृतीयांश. शंभर पौंडांचा दर शंभर डॉलरच्या वर गेला की हा फरक किती होतो ते तुम्हीच मांडा. पेटी नसलेल्या सुट्या मालाला जादा आकार, शनिवार-रविवारी किंवा संध्याकाळी उतरवलं तर आणखी जादा. अधिवेशन शनिवारी सुरू होत असेल तर माल आठवड्याच्या कामाच्या दिवशी उतरेल असंच बुकिंग करा.

हातात मावेल ते पुढच्या दाराने फुकट नेता येतं, पण अट अशी की एका माणसाने, एका फेरीत, चाकं न वापरता. आपली गाडी तर चाकांवरच उभी. ती ढकलत आणली की दारावरचा माणूस मागच्या धक्क्याकडे बोट दाखवतो, आणि तिथे मीटर सुरू होतो. म्हणून गाडी आदल्या दिवशीच सुटी करा. पुढचं चाक फोर्क आणि हाताने फिरवायच्या क्रँकसकट एका पिशवीत, मागची दोन चाकं दुसऱ्या पिशवीत, सांगाडा तिसऱ्याच्या खांद्यावर. नट-बोल्ट झिपच्या पिशवीत घालून सांगाड्यालाच टेपने चिकटवा. पाने, पक्कड, चेनचं तेल आणि दोन जादा बोल्ट हॉलमध्ये नेताना हातातल्या बॅगेत, पण विमानात ही बॅग केबिनमध्ये नको, चेक-इन सामानात द्या. तीन धडधाकट माणसं लागतात. दोघांत जमवू म्हणणाऱ्यांनी येऊच नये.

जोडताना चेनचा ताण आधी बघा. प्रवासात चाकाची बैठक सरकते, चेन सैल पडते आणि पहिल्याच पाहुण्याने जोर लावला की दात्यावरून उतरते. मधोमध बोटाने दाबल्यावर साधारण अर्धा इंच हलली पाहिजे.

दहा बाय दहा फुटांच्या बूथमध्ये गाडी निम्मी जागा खाते. टेबल मागच्या पडद्याला लावा, गाडीचं तोंड तिरकं वाटेकडे. जाड पॅडिंगचा गालिचा भाड्याने घेऊ नका. चाकं रुततात, हँडल जड जातं आणि बसणाऱ्याला गाडीच जड वाटते. पातळ गालिचा पुरे. गुळगुळीत काँक्रीटवर मात्र पुढचं चाक जागेवर फिरतं, कारण ओढ पुढच्या चाकाची आणि वजन मागे. वाटेत फेरी मारू देऊ नका. अग्निशमनवाले ती मोकळी ठेवायला लावतात आणि त्यांचं बरोबर आहे.

बसण्याआधी प्रत्येकाचा गळ्यातला बॅज पाठीवर टाकायला लावा. वाकल्यावर त्याची पट्टी थेट चेनपाशी लोंबते. साडीचा पदर आणि ओढणी यांचंही तेच, आणि ह्यूस्टनला भारतीय मंडळी खूप होती. रोटरीचे त्या वर्षीचे अध्यक्ष शेखर मेहता कोलकात्याचे.

पुण्या-नागपूरकडचे रोटेरियन गाडी बघून हटकून म्हणतात, ‘एक कंटेनर आमच्याकडे पाठवा.’ भाबडा उत्साह आहे, थांबवा. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी तीनचाकी सायकली बनवते आणि केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून त्या दिव्यांगांना मिळतात. सुटे भाग आणि दुरुस्ती तिथलीच. त्यांना त्यांच्या जिल्ह्यातल्या वाटप शिबिराकडे वळवा. भारतात माणसाला गाडीपर्यंत पोचवणारा हवा असतो, आणि ते काम क्लब उत्तम करू शकतो.

आफ्रिकेतले किंवा दक्षिण अमेरिकेतले क्लब आले तर मात्र वेळ द्या. विचारायचं एवढंच : बंदरावर माल सोडवून घेणार कोण, ठेवणार कुठे, चेन तुटल्यावर दुरुस्त कोण करणार? तिन्हींची उत्तरं असतील तर ग्लोबल ग्रँटचा, म्हणजे रोटरी फाउंडेशनच्या मोठ्या अनुदानाचा, विषय काढा. त्याचं किमान बजेट 30,000 डॉलर असतं, आणि लाभार्थी देशातला एक क्लब व बाहेरचा एक असे दोन लागतात. कार्डाच्या मागे त्यांच्या रोटरी डिस्ट्रिक्टचा नंबर आणि तिथल्या ग्रँट समितीच्या प्रमुखाचं नाव लिहून घ्या. काचेच्या भांड्यात टाकलेली कार्डं आणि चॉकलेटची वाटी, दोन्ही निरुपयोगी.

ह्यूस्टनचा जून म्हणजे दमट भट्टी, आत एसीने गारठा. जाकीट लागतंच. समोरचं डिस्कव्हरी ग्रीन उद्यान छान. हॉलपाशीच ट्रामचा थांबा आहे.

परतीचं आधीच ठरवा. समाप्तीच्या दुपारी रिकाम्या पेट्या गोदामातून यायला तासन् तास लागतात, वाटेतला गालिचा गुंडाळेपर्यंत त्या हॉलमध्ये येतच नाहीत. बाहेर जाणाऱ्या मालाचा फॉर्म भरून ठेकेदाराच्या खिडकीत दिल्याशिवाय बूथ सोडू नका, नाहीतर माल त्यांच्या ट्रकने, त्यांच्या दराने निघतो. सगळ्यात स्वस्त म्हणजे गाडी परत न नेणं. एखाद्या स्थानिक क्लबशी आधीच बोलून ठेवा. प्रात्यक्षिकासाठी हवी असणारे निघतात, आणि पुन्हा सुटी करून ती खांद्यावरून पुढच्या दाराने बाहेर काढता येते.